नख

प्रेसमध्ये एकतीस वर्षं माझं काम एकच:
छापून आलेल्या तावांमधली खोट शोधायची.
शाई फुटलेली, रेघ सरकलेली, आकडा अर्धवट,
बोट आधी थांबायचं, डोळा मागून पोचायचा.
त्याच बोटांना
जेलरोडच्या माझ्या परसातलं डांगर
कधी काढायचं, ते मात्र कळेना.

पहिलं दसऱ्यालाच काढलं.
दिसायला पिवळंधमक होतं,
आणि मला हौस फार.
चिरलं तर आत फिकट, पाणचट,
बिया म्हणजे नुसती टरफलं.
घाऱ्या केल्या, गूळ दुप्पट घातला.
शेजारचा हर्षल खाऊन म्हणाला,
मावशी, ह्या गुळाच्या आहेत.

मग निफाडहून पुंजाराम आला,
माझा धाकटा भाऊ, कांद्याच्या चाळीत आयुष्य गेलेलं.
वेलापाशी उकिडवा बसला.
रंग काय बघते, म्हणाला,
रंग कुणालाही चढतो. देठ बघ.
हिरवा आहे तोवर घरून डबा येतोय.
वाळून बुचासारखा झाला, भेगाळला,
की डबा बंद.
आणि नख लाव.

मी दचकले.
आपल्याकडे नख लावतात ते गळ्याला.
अंगठा टेकवला, जरासा दाबला,
सालीवर कोर उमटली, तिच्यातून पाणी आलं.
थांब, म्हणाला.
आणि रोज टोचत बसू नको,
ते काय हजेरीचं रजिस्टर आहे?

थांबले.
पानांवर भुरी चढली, पानं चुरली,
देठाजवळचा ताणा वाळून
तुटक्या स्प्रिंगसारखा लोंबू लागला.
कार्तिक सरता सरता
दसकच्या घाटाकडून पहाटेचा गारठा यायला लागला.
अशाच एका सकाळी, शाल न काढता, मी अंगठा लावला
आणि नख घसरलं.
पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं.
खूण नाही, ओल नाही, काहीच नाही.
एकतीस वर्षांत
काही न सापडल्याचा एवढा आनंद
मला झाला नव्हता.

विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात,
पण विळा त्या दिवशी फार जपून चालला.
चार बोटं देठ ठेवून काप,
देठाला धरून उचलू नको, ते हँडल नाही,
पुंजाराम फोनवर बोलत होता,
फोन पायरीवर, माझे दोन्ही हात डांगराच्या बुडाखाली.

सात निघाली.
दहा दिवस गच्चीवर उन्हात,
संध्याकाळी दवाच्या आधी आत.
सवयीने मी खडूने त्यांच्यावर नंबर घातले.
मग मागच्या खोलीत लोखंडी रॅकवर गोणपाट टाकून
ठेवली, एकमेकांना लागू न देता,
चाळीतला नियम: हवा खेळली पाहिजे,
एक नासलं तर शेजार नासतो.
चार नंबरचा देठ हर्षलच्या हातून मोडला.
ते आधी खाल्लं.
दर रविवारी एकेक उलटून बघायची,
बुडाला मऊ लागतं का.
दोन नंबरला लागलं, पौषात.
तेवढा भाग काढून टाकला, उरलेल्याची भाजी.

अख्खं डांगर बाईने फोडू नये म्हणतात.
आमच्या घरी पहिला वार पुंजारामचा असायचा,
वय वर्षं सहा,
सुरी त्याच्या मुठीत
आणि मूठ आईच्या हातात.

सात नंबर फाल्गुनात काढलं.
दुपार होती, हर्षल क्लासला,
दारावरून कुल्फीवाला गेला.
खडू पुसट झालेला, साल टणक.
सुरी अडली.
सुरीच्या पाठीवर बत्ता ठोकला
आणि ते माझ्याच हातून उघडलं.
आत गच्च केशरी. बिया टपोऱ्या.
त्या ताटलीत पसरून खिडकीत ठेवल्या,
अंगठ्याच्या नखात तो रंग दोन दिवस राहिला.

संध्याकाळी घाऱ्या तळल्या.
हर्षलने दोनदा मागून घेतल्या, बोलला काहीच नाही.
रात्री पुंजारामला फोन केला.
तो झोपेत होता.
मी म्हटलं, काही नाही रे,
गूळ निम्माच लागला.